शंभर मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे शूटिंग झाले की सगळे फुटेज मी कोल्हापूरच्या एडिटरकडे इंटरनेटवरून पाठवतो. कनेक्शन १०० एमबीपीएसचे होते, पण काहीही डाउनलोडला लावले की संगणक सेकंदाला ११.३ एमबीच दाखवतो. म्हणजे पैसे शंभराचे आणि माल अकराचा. तक्रार केल्यावर नेटवाल्याने जास्त पैसे घेऊन २०० चा प्लॅन करून दिला, तरी आकडा ११.३ वरून हललेला नाही. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ९४ आणि अपलोड २० येते. जुन्या प्लॅनमध्येही तेच यायचे. मागच्या महिन्यात ९६ जीबीचे फोल्डर रात्री दहाला पाठवायला लावले आणि सकाळी सातपर्यंत मिळेल असा शब्द एडिटरला दिला. सातला पाहतो तर ७९ टक्केच गेले होते. उरलेले मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाकायला गेलो, तर दिवसाचा दीड जीबी वीस मिनिटांत संपला आणि पुढे एक फोटोही जाईना. वर एडिटर म्हणतो की त्याच्याकडे फोल्डर १०३ जीबीचे भरले. नेटवाला माझा शाळेतला सोबती आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्याला लुटारू म्हणालो आणि तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. मी फसलो आहे का? आणि हा हिशेब स्वतःला करता येईल असे एखादे सूत्र आहे का?

— एक छायाचित्रकार, सांगली जिल्हा

उत्तर

नमस्कार.

आपल्या पत्रातील आकडे मी कागदावर उतरवून घेतले आणि एकेक करून पडताळून पाहिले. १००, ११.३, ९४, ७९ टक्के, ९६ आणि १०३ हे सगळे आकडे एकमेकांशी जुळतात. त्यांपैकी एकही खोटा नाही. त्यामुळे ‘पैसे शंभराचे आणि माल अकराचा’ ही आपली मूळ तक्रार टिकत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. मात्र २०० च्या प्लॅनसाठी आपण जे वाढीव पैसे भरत आहात, त्यांचा मोबदला आपल्या संगणकापर्यंत पोहोचत नाही, ही दुसरी तक्रार पूर्णपणे रास्त आहे. आणि ज्या रात्री आपला शब्द खाली पडला, त्या रात्रीचे कारण या दोन्हींत नसून अपलोडच्या २० या आकड्यात आहे, ज्याकडे आपले आणि आपल्या मित्राचे, दोघांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या असून त्या एकमेकींत मिसळल्या, कारण आपण तिन्ही ठिकाणी एकच शब्द वापरला, तो म्हणजे ‘एमबी’.

तारेवरून किंवा काचेच्या धाग्यातून एकामागून एक जाणारे जे शून्य किंवा एक असते, त्याला बिट म्हणतात, आणि असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. जोडणीची गती सांगणारे लोक बिट मोजतात आणि फाइलचा आकार सांगणारे लोक बाइट मोजतात. आपल्या पावतीवर छापलेले १०० हे सेकंदाला १०० मेगाबिट आहेत. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे ११.३ हे सेकंदाला ११.३ मेगाबाइट आहेत. शंभराला आठने भागले की साडेबारा येतात, म्हणजे आपला आकडा अकराच्या जागी फार तर साडेबारा झाला असता, शंभर कधीच झाला नसता. आठने भागणे तोंडी करायचे असेल तर तीन वेळा निम्मे करावे : २०० चे १००, १०० चे ५०, ५० चे २५.

रोमन लिपीत हा फरक एका अक्षराच्या आकाराने दाखवतात. बिटसाठी लहान ‘बी’ आणि बाइटसाठी मोठा ‘बी’ लिहितात. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी जाहिरातीत, पावतीवर आणि बोलण्यात दोन्हींचे ‘एमबी’ होते आणि आठपटीचा फरक डोळ्यांदेखत नाहीसा होतो. ‘शंभर एमबीचे कनेक्शन’ असे गावोगावी बोलले जाते, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या फोटोंच्या एमबीशी ताडून पाहिले तर त्याची चूक म्हणता येत नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असा आहे की मराठीत लिहिताना आणि बोलताना ‘मेगाबिट’ आणि ‘मेगाबाइट’ हे शब्द पूर्ण उच्चारावेत. एका अक्षराची काटकसर इथे फार महाग पडते.

माझी सारी नोकरी दूरसंचाराच्या ट्रान्समिशन शाखेत गेली आणि हा धडा मला तिथे फार लवकर मिळाला. १९९० च्या दशकात एका बँकेच्या शाखेला आम्ही ६४ किलोबिटची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी राखलेली भाड्याची लाइन, दिली. कागदावर मी माझ्या हाताने फक्त ‘६४ के’ एवढेच लिहिले होते. बँकेचे अधिकारी २० मेगाबाइटची दिवसअखेरची फाइल मुख्य कार्यालयाला पाठवायला बसले. त्यांनी ते ६४ किलोबाइट समजून पाच मिनिटांचा अंदाज बांधला होता. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, आणि त्या गतीने २० मेगाबाइट जायला २,५०० सेकंद, म्हणजे जवळजवळ ४२ मिनिटे लागतात. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहिलेले ते गृहस्थ मला अजून दिसतात. लाइन निर्दोष होती, त्यांचे गणितही निर्दोष होते, फक्त माझ्या कागदावर एकक लिहिलेले नव्हते. त्या दिवसापासून एककाशिवाय आकडा मी लिहिलेला नाही.

दूरसंचारवाले बिटच का धरून बसले, असा प्रश्न आपल्याला पडेल, तर त्याचे उत्तर टेलिफोनच्या आवाजात आहे. डिजिटल एक्स्चेंजमध्ये एका माणसाच्या बोलण्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात. त्यामुळे एका संभाषणाला सेकंदाला नेमके ६४,००० बिट लागतात. अशा ३२ मार्गिका एकत्र बांधल्या, त्यांतल्या ३० संभाषणांसाठी आणि दोन व्यवस्थेच्या कामासाठी ठेवल्या, की २.०४८ मेगाबिटची एक जुडी होते. तिला आम्ही खात्यात सरसकट ‘टू एमबी’ म्हणत असू. अशा ६३ जुड्या १५५.५२ मेगाबिटच्या एका मोठ्या प्रवाहात बसतात, आणि त्या प्रवाहाची सोळापट केली की २,४८८.३२ मेगाबिट होतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. आपल्या घरापर्यंत आलेल्या फायबरशी त्याचा संबंध आहे आणि पुढे तो पुन्हा येईल. सरकारी व्याख्याही बिटांतच केलेली असते. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी २००४ मध्ये किमान २५६ किलोबिट, २०१३ पासून ५१२ किलोबिट आणि २०२३ पासून २ मेगाबिट अशी मर्यादा ठरली, आणि यांतला कोणताही आकडा बाइटमध्ये नाही.

साठवणुकीच्या जगात मात्र अक्षर हे मूळ माप होते आणि इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावत असे, म्हणून तिथे बाइट रूढ झाला. मराठीचे अक्षर आजच्या प्रचलित पद्धतीत अधिक जागा घेते. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी सात चिन्हे असून प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे आपल्या पत्राचा दुसरा शब्द २१ बाइटांचा, आणि तारेवर १६८ बिटांचा झाला.

आता साडेबाराचे ११.३ कसे झाले ते पाहू, कारण आपल्या मनात शंकेला जागा आहे ती इथेच. पहिली वजावट पाकिटांची आहे. फाइल एकसंध जात नाही, तिचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा पत्ता लिहिलेल्या पाकिटात घालून पाठवतात. संगणक आणि राउटर यांना जोडणाऱ्या केबलवर अशा एका पूर्ण पाकिटाला १,५३८ बाइटांची जागा लागते आणि त्यात आपला माल १,४६० बाइट असतो. बाकीची जागा पत्ता, तपासणीचे अंक आणि दोन पाकिटांमधले अंतर यांत जाते. १,४६० ला १,५३८ ने भागले की सुमारे ९४.९ टक्के येतात. स्पीड टेस्टमध्ये दिसणारे ९४ हेच आहेत. त्यांचे बाइट केले की सेकंदाला सुमारे ११.८६ मेगाबाइट होतात.

दुसरी वजावट खरे तर वजावट नव्हे, ते मापच वेगळे आहे. दूरसंचारात किलो म्हणजे एक हजार आणि मेगा म्हणजे दहा लाख, त्यात अपवाद नाही. संगणकाच्या स्मृतीत मात्र दोनाच्या पटी सोयीच्या पडतात, आणि दोनाचा दहावा घात १,०२४ हा हजाराच्या जवळ असल्यामुळे त्यालाच किलो म्हणण्याची सवय लागली. आपला संगणक मेगाबाइट म्हणतो तेव्हा तो १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०,४८,५७६ बाइट मोजतो. ११.८६ ला या मोठ्या मापाने मोजले की ११.३ उरतात. बांधकामात वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा असतो आणि प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फुटांचा असतो. गवंडी आणि ठेकेदार दोघेही ‘ब्रास’च म्हणतात, पण कशाचा ब्रास चालला आहे हे दोघांना ठाऊक असल्याने भांडण होत नाही. संगणकाच्या पडद्यावर ते ठाऊक करून देणारे कोणी नसते. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्ये १,०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली, पण विंडोज आजही गिबीने मोजून समोर ‘जीबी’ असेच छापते.

आपल्या फोल्डरचे ९६ आणि १०३ यांतले अंतर हेच आहे. एक गिबी हा एका जीबीपेक्षा ७.३७ टक्क्यांनी मोठा असतो. ९६ ला १.०७३७ ने गुणले की १०३.०८ येतात. आपण विंडोजवर काम करत असावात आणि आपल्या एडिटरकडे मॅक असावा, कारण मॅक २००९ पासून फाइलचा आकार हजाराने मोजतो. कोणतीही क्लिप दोनदा गेलेली नाही. हा फरक आपण खरे तर रोज पाहता : ६४ जीबीचे मेमरी कार्ड संगणकात घातले की ते ५९.६ च्या आसपास दाखवते आणि एक टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबीची दिसते. कार्डवाल्याने माल कमी दिलेला नाही, मोजणाऱ्याचा शेर मोठा आहे. माप जितके वरचे, तितके हे अंतर वाढते, किलोला २.४ टक्के असते, ते टेरापर्यंत जवळजवळ १० टक्के होते.

आता ती रात्र. दहा ते सात हे नऊ तास, म्हणजे ३२,४०० सेकंद. अपलोड २० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट. दोन्हींचा गुणाकार ८१,००० मेगाबाइट, अर्थात ८१ जीबी. फोल्डर ९६ जीबीचे धरले तर ८४ टक्के काम व्हायला हवे होते, पण आपल्या पडद्यावर ७९ होते. तेच फोल्डर १०३ जीबीचे धरा : ८१ भागिले १०३.०८ बरोबर ७८.६ टक्के. रात्रभरात गती थोडी खालीवर होतच असते, त्यामुळे दशांशापर्यंत जुळावे अशी अपेक्षा मी धरली नव्हती. तरीही ते जुळले, यावरून जोडणीने रात्रभर इमानाने काम केले एवढे नक्की म्हणता येते. ते फोल्डर पूर्ण जायला साडेअकरा तास लागणार होते. आपण शब्द दिला तेव्हाच तो मोडलेला होता, आणि तो मोडणार हे दहा वाजता कागदावर दिसू शकले असते. आपल्याला त्या सकाळी एडिटरपुढे खजील व्हावे लागले याचे मला वाईट वाटते, म्हणूनच पुढचे सूत्र जरा सविस्तर देतो.

सेकंदाला १ मेगाबिट गतीने एका तासात ४५० मेगाबाइट जातात, कारण ३,६०० ला आठने भागले की ४५० येतात. म्हणून मेगाबिटच्या आकड्याला ०.४५ ने गुणले की ताशी किती जीबी जातील ते कळते. २० मेगाबिटवर ताशी ९ जीबी, १०० मेगाबिटवर ताशी ४५ जीबी. हे शुद्ध गणित झाले. धंद्यात शब्द देताना मात्र ०.४५ ऐवजी ०.४ धरावे, त्यात विंडोजच्या मोठ्या जीबीची भर आणि वाटेतली थोडी घट, दोन्ही सामावतात. २० गुणिले ०.४ म्हणजे ताशी ८. ९६ भागिले ८ म्हणजे १२ तास. हा हिशेब बिलाच्या पाठीमागेही होतो आणि त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही. गुणताना डाउनलोडचा आकडा न घेता अपलोडचा घ्यावा, कारण आपण माल पाठवणारे आहात.

हॉटस्पॉटचेही तसेच. दीड जीबी वीस मिनिटांत संपला, म्हणजे मोबाइलची अपलोड गती साधारण १० मेगाबिट होती, आणि ती वाईट म्हणता येणार नाही. दिवसाचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये गती ६४ किलोबिटवर उतरते. पुन्हा तेच ६४, जे एका टेलिफोन संभाषणाला पुरत असे. सेकंदाला ८ किलोबाइटच्या त्या गतीने १ मेगाबाइट जायला १२५ सेकंद लागतात, आणि कॅमेऱ्यातला २५ मेगाबाइटचा एक रॉ फोटो जायला ५२ मिनिटे. आपल्याला हॉटस्पॉट बंद पडल्यासारखा वाटला तो यामुळे.

आता २०० च्या प्लॅनकडे येतो. इथे मात्र मी आपल्या बाजूने उभा आहे. प्लॅन दुप्पट झाल्यावर स्पीड टेस्टचा आकडा ९४ वरून जरासुद्धा हलला नाही, हेच सर्वांत बोलके आहे. गर्दीमुळे किंवा कमकुवत सिग्नलमुळे गती कमी होते तेव्हा आकडा कधी ७०, कधी १३० असा हेलकावे खातो. तो नेमका ९४ वर चिकटून बसला असेल, तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे असे खुशाल समजावे. पुढून कितीही पाणी सोडले तरी अर्ध्या इंचाच्या तोटीतून अर्ध्या इंचाचीच धार येते.

ती तोटी शोधायला दहा मिनिटे पुरतील. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’, म्हणजे संगणक आणि राउटर यांच्यातल्या जोडणीची गती, अशी ओळ असते, ती पाहावी. तिथे १००० दिसले तर संगणक, केबल आणि राउटरचे त्या बाजूचे पोर्ट (केबल खोचायची खाच) निर्दोष आहेत आणि दोष पलीकडे आहे. तिथे १०० दिसले तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे राउटरची पोर्टच १०० मेगाबिटची असतील. स्वस्त राउटरमध्ये ती सर्रास असतात, आणि खोक्यावर ‘१०/१००’ असे छापलेले असले तर ते मॉडेल त्यापुढे जाणारच नाही. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असे छापलेले हवे. दुसरी शक्यता केबलची आहे. त्या जाड दिसणाऱ्या केबलमध्ये आठ बारीक तारांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. १०० मेगाबिटसाठी त्यांतल्या दोनच लागतात, नारिंगी आणि हिरवी. १,००० मेगाबिटसाठी चारही लागतात. दाराच्या चौकटीत केबल चेपून किंवा टोकाचा क्लिप नीट न बसल्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार सुटली, तर बहुतेक उपकरणे काही न कळवता १०० वर उतरतात. सगळे चालू दिसते, दिवा लुकलुकतो, फक्त निम्मा प्लॅन वाया जातो. मी अनेक ठिकाणी निव्वळ तपकिरी तार पुन्हा क्लिपमध्ये बसवून गती परत आलेली पाहिली आहे. केबल तपासताना तिच्या आवरणावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’, म्हणजे १,००० मेगाबिट पेलणाऱ्या केबलची खूण, लिहिली आहे का, तेही पाहावे.

हे तपासून न पाहता मोठा प्लॅन विकणे ही आपल्या मित्राची चूक झाली, असे माझे मत आहे. त्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या बाजूने पाहता त्याने २०० सोडलेलेच आहेत; पण ग्राहकाकडे ते पोहोचतात का हे लिंक स्पीडची एक ओळ वाचून कळले असते. केबल किंवा राउटर बदलून मिळावा आणि ज्या महिन्यांत २०० पोहोचलेच नाहीत त्या महिन्यांतला फरक पुढच्या बिलात वळता व्हावा, एवढी मागणी आपण निःसंकोच करावी.

पण माझे ऐकाल तर २०० चा हट्ट धरूच नका. आपल्या धंद्याला डाउनलोड फारसे लागत नाही, अपलोड लागते. १०० डाउनलोड आणि १०० अपलोड असा समान गतीचा प्लॅन मिळतो का, असे विचारावे. त्यावर ०.४ चे सूत्र लावले तर ताशी ४० जीबी जातील आणि ९६ चे फोल्डर अडीच तासांच्या आत पोहोचेल. शिवाय १०० च्या जुन्या पोर्टवरही हे होईल, नवा राउटर लागणार नाही. प्लॅनची पाटी वाचताना ‘१०० पर्यंत’ यातला ‘पर्यंत’ आणि अपलोडचा वेगळा आकडा, या दोन्हींवर बोट ठेवून विचारावे, आणि महिन्याची मर्यादा किती आणि तिच्यात अपलोड धरतात का, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. ती ३,३०० जीबी असेल तर १०३ जीबीची ३२ लग्ने तिच्यात बसतात. लग्नसराईतही आपल्याला ती पुरेल.

मघाचा २,४८८ मेगाबिटचा आकडा इथे कामाला येतो. घरोघरी पोहोचलेल्या फायबरच्या प्रचलित जाळ्यात एका धाग्यावर खाली येणारी एकूण गती एवढीच असते आणि वर जाणारी तिच्या निम्मी, म्हणजे १,२४४ मेगाबिट. आणि तो एक धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. ६४ घरांनी एकाच क्षणी अपलोड करायचे ठरवले तर प्रत्येकाच्या वाट्याला १९ मेगाबिट येतील. प्रत्यक्षात सगळे एकदम पाठवत नाहीत म्हणून ही व्यवस्था चालते, परंतु मोठे फोल्डर संध्याकाळी आठ वाजता न लावता रात्री अकरानंतर लावणे केव्हाही शहाणपणाचे.

आणि जोवर अपलोड २० आहे, तोवर घाईच्या कामाला एसटी वापरावी, हे मी पूर्ण विचारांती सांगतो. हार्ड डिस्क घेऊन स्टुडिओतून निघून एडिटरच्या टेबलापर्यंत तीन तास धरले, तर १०३ जीबी १०,८०० सेकंदांत पोहोचले. त्याचे बिट करून भागाकार केला की सेकंदाला ७६ मेगाबिट गती येते, म्हणजे आपल्या आजच्या अपलोडच्या जवळजवळ चौपट. डिस्कवर भरून घ्यायला सेकंदाला १०० मेगाबाइटच्या हिशेबाने सतरा मिनिटे लागतील, आणि तितकीच तिकडे उतरवून घ्यायला. कार्डे मात्र एडिटरने फोल्डर उघडून पाहिल्याचा निरोप येईपर्यंत पुसू नयेत.

राहता राहिला आपला सोबती. ग्रुपवर जे लिहिले ते ग्रुपवरच मागे घ्यावे, एकट्याला फोन करून भागणार नाही, कारण लुटारू हा शब्द गावाने वाचला आहे आणि त्याचे उरलेले गिऱ्हाईक तिथेच आहे. फार लांबण न लावता असे लिहावे : ‘मी मेगाबिट आणि मेगाबाइट यांत गल्लत केली होती. १०० मेगाबिटला आठने भागून जी गती यायला हवी, तितकी मला येत होती. मी वापरलेला शब्द चुकीचा होता आणि तो मी मागे घेतो.’ गावातल्या आणखी दहाजणांच्या मनात हीच शंका असणार, त्यांचेही त्यातून निरसन होईल. नंतर लिंक स्पीडच्या ओळीचा आणि राउटरच्या खोक्याचा फोटो काढून घेऊन स्वतः त्याच्या दुकानात जावे, आणि समान अपलोडच्या प्लॅनचे बोलणे समोरासमोर बसून करावे.